बाबांचं कुंपण

निवडुंग काढायच्या टोळीवर ती मुकादम म्हणून लागली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "फार तर दोन वर्षांचं काम. माळ मोकळा झाला की टोळी बंद." त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. साहेब तीन बदलले, गाडी दोनदा बदलली, टोळीतली माणसं किती आली आणि किती पाठ दाखवून गेली ते कोणाला आठवतही नव्हतं. माळ होता तिथेच होता, आणि त्यावरचा निवडुंग होता त्याहून जास्त होता.

काम सांगायला सोपं. कोपरापर्यंत येणारे चामड्याचे हातमोजे घालायचे, लांब दांड्याच्या चिमट्याने एकेक फडा धरायचा, मुरगळून तोडायचा आणि क्रेटमध्ये टाकायचा. फडा म्हणजे निवडुंगाचा तो हिरवा, जाड, तळहातासारखा चपटा भाग. एका फड्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे ते चढत जातात आणि बघता बघता माणसाला झाकेल एवढं झुडूप उभं राहतं. सगळे फडे उतरवले की मुळं खणायची. ती खोल नसतात, पण वीतभर मातीखालून चहूकडे लांबवर पसरलेली असतात. पावसाचा नुसता शिडकावा झाला तरी पहिला घोट त्यांचा. मग क्रेट गाडीत, गाडी खड्ड्यावर, खड्ड्यावर पुरुषभर माती.

एवढं सगळं करून टोळी पुढे सरकायची आणि दोन महिन्यांनी त्याच जागी परत यायची. कारण तोडताना बोटाएवढा तुकडा जरी मातीत पडला तरी त्याला खालून मुळं फुटायची. तुकडा बुटाला चिकटायचा, टायरला चिकटायचा, गाढवाच्या पायाला चिकटून कोसभर लांब जायचा. एकदा एक फडा क्रेटमधून उडून गोदामाच्या पत्र्यावर पडला होता. दीड वर्षाने पत्रा बदलायला काढला तेव्हा तो सापडला. सुरकुतलेला, करपलेला, जुन्या चपलेसारखा. आणि एका कडेला करंगळीएवढा हिरवागार कोंब. तापलेल्या पत्र्यावर, ना माती ना पाणी. गाडीच्या ड्रायव्हरने त्याला कडक सलाम ठोकला.

"बाई, याला आपल्या खात्यात भरती करून घ्या," तो म्हणाला. "पगार नको, पाणी नको, रजा नको."

ड्रायव्हरला सगळे सावकाश म्हणत. गाडीत अंड्यांच्या टोपल्या भरल्यासारखा तो गाडी हाके म्हणून. टोळी हसली. मुकादमबाई हसली नाही. तिला सकाळी उठतानाच दमल्यासारखं होई, आणि हसायलाही थोडं बळ लागतंच.

संध्याकाळी घरी आली की आधी चहा, मग हात. हातमोजे कितीही जाड असले तरी निवडुंगाची कुसळं आत शिरतातच. मोठे काटे परवडले. ते दिसतात, धरता येतात, ओढून काढता येतात. कुसळं केसाहून बारीक. दिसत नाहीत, नुसती सलतात. तर खिडकीशी तिचे बाबा खुर्ची मांडून तयार बसलेले असत. मांडीवर पांढरा रुमाल, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात बारीक चिमटा.

"डावा दे," ते म्हणत. मग, "उजवा."

ऐंशी ओलांडली तरी त्यांचा हात जराही कापत नसे. बाबा जन्मभर मोजणी खात्यात साखळी धरायला होते. जमीन मोजायच्या साखळीचं एक टोक साहेबाकडे, दुसरं यांच्याकडे. "हात हलला तर एकाचं शेत दुसऱ्याच्या घरात जातं," ते सांगत. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, मग आई गेली, धाकटा भाऊ लांबच्या मोठ्या शहरात नोकरीला लागला, आणि घरात ही दोघंच उरली. दिवसभरात बापलेकीत जे काही बोलणं होई ते या अर्ध्या तासात.

आणि या अर्ध्या तासात खिडकीबाहेर काय दिसे? निवडुंग. घराच्या तिन्ही बाजूंनी, दीड पुरुष उंच, हत्तीच्या पायासारखे बुंधे झालेला, पिवळ्या फुलांचा आणि लाल बोंडांचा.

तो बाबांनीच लावला होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आईने घरामागे भाजी लावायला घेतली आणि मोकाट जनावरांनी ती तीनदा मुळासकट खाल्ली. आई रडकुंडीला आली. पुढच्या मोजणीहून परतताना बाबांनी पिशवीतून दोन फडे आणले, वर्तमानपत्रात गुंडाळून. चार वर्षांत अशी भिंत झाली की उंदीर आत शिरेना. लोक बघायला येत. जो मागेल त्याला बाबा फडे देत. "नुसता मातीवर ठेव. पाणी घालू नकोस, लाडावतो," असं वर समजावूनही देत. आजूबाजूच्या वस्त्यांत त्याला नावच पडलं होतं, बाबांचं कुंपण. कोणाच्याही दाराशी असो, ते बाबांचं कुंपण.

पुढे त्या वस्त्यांतली माणसं उठून गेली. कुंपणं राहिली, आणि कुंपणं काही जागेवर राहिली नाहीत.

मुकादमबाईला हे माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी माळाचा तक्ता भरताना आपल्या घराच्या चौकटीत ती लिही, "खासगी आवार. परवानगी नाही." परवानगी कोणी मागितलीच नव्हती. मागायची तिनेच आणि द्यायची तिच्या बापाने. ते तिच्याने होत नव्हतं, एवढंच.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता ओढ्याच्या कडेला काम चाललं होतं. सकाळीच एका बाईने हात करून गाडी थांबवली. ओढ्याच्या खालच्या अंगाला तिचं शेळ्यांचं आवार होतं. सगळे तिला शेळ्यांवालीच म्हणत. तिच्या पायाशी एक काळी शेळी मान खाली घालून उभी होती. तोंड उघडं, लाळ गळतेय, आणि जबड्यात अर्धा फडा अडकलेला.

"चार दिवस हरवली होती. काही खाल्लं नसेल तिने," शेळ्यांवाली म्हणाली. "मला आजच सापडली."

सावकाशने शेळीचे पाय धरले, दोघांनी मान धरली, आणि मुकादमबाईने चिमट्याने फडा सोडवला. मग टाळूतले काटे. मग जीभ. जीभ काट्यांनी भरली होती, सुजून दाताबाहेर आली होती. दर ओढीला शेळी लहान मुलासारखी ओरडे. पाऊण तास गेला. शेवटी शेळीने मान टाकली, आणि ती दमून निजली की गेली हे बघायला सावकाशला तिच्या छातीला कान लावावा लागला.

"आहे," तो म्हणाला.

शेळ्यांवाली उभी राहिली. तिचे हात रक्ताने आणि लाळेने माखले होते.

"मुकादमबाई, माझ्या सासऱ्यांनी तुमच्या बाबांकडून फडे आणले होते. ठाऊक आहे?"

"आहे."

"आमच्या आवारातला तुम्ही सगळा काढलात. मी म्हणते, मनापासून काढलात. पण दर पावसाला ओढ्यातून नवा येतो. पाण्यावर तरंगत येतो, काठाला लागतो आणि रुजतो." तिने ओढ्याच्या वरच्या अंगाला हात केला. "ओढा येतो कुठून?"

टोळीतला प्रत्येक जण दुसरीकडे बघायला लागला. ओढा मुकादमबाईच्या घरामागून येत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुमचं कुंपण कधी निघणार? का ते सरकारी कामात बसत नाही?"

मुकादमबाईने चिमटा पुसला, क्रेटवर ठेवला. "बसतं," एवढंच ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्याच दिवशी दुपारी किडेवालीने तिला गाठलं. किडेवाली म्हणजे प्रयोगशाळेतून आलेली तिशीतली बाई. दीड वर्षापूर्वी ती खोकी घेऊन आली आणि तिला हे नाव पडलं. खोक्यांत फडे होते आणि फड्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके. ठिपक्याखाली किडा. चिरडला की लालभडक रंग निघे. तो किडा निवडुंगाचा रस पितो, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत अख्खं झुडूप वाळवतो. टोळीने आधी तिची चेष्टा केली. मग पहिलं झुडूप पिवळं पडून कोसळलं तेव्हा गप्प बसले.

तिने मुकादमबाईचा जेवणाचा डबा बाजूला सारला आणि नकाशा पसरला.

"मी प्रत्येक झुडपाचं वय काढलं. फड्यांचे जितके मजले, साधारण तितकी वर्षं. सगळ्यात जुनी इथे, या भागात. बाहेर जाल तशी लहान. फक्त माझ्या नकाशाला मधोमध भोक आहे." तिने बोट ठेवलं. "इथे काही नोंदच नाही."

मुकादमबाईने डब्याला झाकण लावलं.

"मला आरोप करायचा नाही, बाई. मला ती जागा हवी आहे. जुना, दाट, एका ठिकाणी उभा निवडुंग मिळाला तर किडे तिथे वाढवता येतील आणि तिथून माळभर नेता येतील. चिमट्याने तुम्ही अजून तीस वर्षं काढलंत तरी हे संपणार नाही."

"ते माझ्या बाबांचं आहे."

"माहीत आहे. पहिल्या दिवशीच गाडीत सावकाशने सांगितलं."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. तक्त्यातल्या त्या दोन ओळी वर्षानुवर्षं सगळे वाचत होते आणि कोणी बोलत नव्हतं. तिला लाज वाटायला हवी होती. पण आतून नुसतं जड जड वाटलं, ओल्या पोत्यासारखं.

संध्याकाळी बाबा डावा हात संपवून उजव्याकडे वळले तेव्हा तिने सांगून टाकलं. शेळी, ओढा, नकाशा, किडे.

बाबांचा चिमटा थांबला. "किड्यांनी मरायला किती दिवस लागतात?"

"दोन वर्षं. जुना आहे म्हणून कदाचित तीन."

"म्हणजे मी इथे बसून तो सडताना बघायचा."

"बाबा, तो ओढ्यातून खाली जातो. पक्षी बोंडं खातात..."

"तुझ्या आईसाठी लावला होता तो. कोणाचं वाईट करायला नाही."

"कोण म्हणतंय वाईट करायला?"

"तुमचा नकाशा म्हणतोय."

तिचा तोल गेला. अकरा वर्षांत तिने त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. "तुम्ही वाटलंत आणि मी वेचतेय, बाबा! रोज. माझे गुडघे गेले, पाठ गेली. मी दुसरं काय करतेय? तुम्ही हौसेने वाटलेलं गोळा करतेय!"

बाबांनी भिंग पुसलं, चिमटा डबीत ठेवला, डबीला झाकण लावलं. रुमालाची घडी घातली. उजवा हात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीशी खुर्ची नव्हती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने डाव्या हाताने उजव्या हाताची कुसळं काढायचा प्रयत्न केला. डाव्या हाताला ते जमेना. निम्मी आतच मोडली. रविवार असल्याने भावाचा फोन आला. तो दर रविवारी फोन करी आणि दर रविवारी सल्ला देई. "ताई, बाबांना उकळलेलं पाणी देत जा," तो म्हणाला. तिने बरं म्हटलं. बाबा फोनवर आले नाहीत. रात्री तिने उजव्या हाताला ओला कपडा गुंडाळला आणि तशीच झोपली.

तिसऱ्या दिवशी टोळी पुन्हा ओढ्यावर होती. सावकाश गाडीच्या टपावर चढून क्रेट बांधत होता. तो तिथूनच ओरडला, "बाई, तुमचे बाबा!"

ओढ्याच्या कोरड्या पात्रातून बाबा येत होते. काठी टेकत, चार पावलं टाकत, थांबत, परत चार पावलं. घरापासून ती जागा दीड-दोन मैल असेल. गेली सहा वर्षं बाबा आवाराबाहेर पडले नव्हते. ती धावत गेली.

"बाबा, हे काय? कशाला आलात उन्हाचं?"

"बघायला," ते म्हणाले आणि चालत राहिले.

ते टोळीपाशी थांबलेच नाहीत. सरळ शेळ्यांवालीच्या आवारात गेले आणि दारातल्या दगडावर बसले. शेळ्यांवालीने त्यांना ओळखलं. तिचा चेहरा कठीण झाला. पण म्हाताऱ्याचे कोरडे ओठ बघून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाबा सगळं पाणी प्यायले.

"तुझ्या सासऱ्यांनी कुठे लावला होता, पोरी?"

तिने हात केला. घरामागचा चढ, त्यामागची टेकडी, टेकडीपलीकडचा उतार. जिथे टोळी अजून पोचली नव्हती ते सगळं हिरवंगार होतं. त्या रखरखीत मुलखात तेवढंच हिरवं, आणि त्यातून मांजरालाही वाट नव्हती.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "मी दोनच दिले होते," ते म्हणाले.

"त्यांनी दोनच आणले होते," शेळ्यांवाली म्हणाली.

मग बाबांनी किडेवालीला बोलावून घेतलं. हिला ते पहिल्यांदाच भेटत होते, पण विचारलं असं की जणू खात्यातल्या साहेबाला तपशील विचारताहेत. पक्षी कसे नेतात? तिने त्यांना हाताला धरून जवळच्या बाभळीसारख्या एका काटेरी झाडाखाली नेलं. पक्षी बोंडं खाऊन झाडावर बसतात, बी खाली पडतं. उघड्यावर पडलेलं उन्हात जळून जातं, पण झाडाखाली सावली असते, थोडी ओल असते. तिने पालापाचोळा बाजूला केला. खाली अंगठ्याच्या नखाएवढे हिरवे ठिपके होते, मऊ पांढऱ्या काट्यांचे. दहा-पंधरा तरी असतील.

"हे तीन वर्षांचे आहेत," ती म्हणाली. "तीन वर्षांत एवढेच. घाई नसते त्यांना. दुष्काळ पडला तर आक्रसून बसतात. दिवसा श्वासाची भोकं मिटून घेतात आणि रात्री उघडतात, पाणी उडू नये म्हणून. पुढे हेच वाढून वरच्या झाडाला पाणी मिळू देत नाहीत."

बाबांना खाली वाकायचं होतं. वाकता आलं नाही. काठीच्या टोकाने त्यांनी एका रोपाला हळूच स्पर्श केला.

"मला वाटायचं, आपण दिला तरच जातो," ते म्हणाले. "हाताने दिला तर."

परतताना सावकाशने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. घर दिसायला लागलं तेव्हा बाबा मागे वळून म्हणाले, "किडे सोडायचे नाहीत. मला ते बघवणार नाही. मुळापासून काढा. तुमच्या या बाईला किड्यांसाठी हवे तेवढे फडे न्यायला सांग, बाकी काढा."

"हो, बाबा."

"आणि उद्याच. परवावर गेलं तर मी नाही म्हणेन."

तीन दिवस लागले. बारा माणसं, शंभरावर क्रेट, आणि बुंधे इतके जाड की कुऱ्हाड अडकून बसे. पहिल्या दिवशी बाबा खोलीतून बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमबाईने बघितलं तर ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, हातात टोळीचा लांब चिमटा, बाजूला पत्र्याची बादली. तोडताना उडालेले तुकडे ते एकेक करून उचलत होते. खुर्ची सरकवायची, तेवढा भाग निरखायचा, तुकडा उचलायचा, बादलीत टाकायचा. शेजारून जाणाऱ्या दोघांना त्यांनी दरडावलं, "बूट झटका आधी! अख्खी जमात घेऊन निघालात!"

"बाई, मुकादम बदलला वाटतं," सावकाश पुटपुटला. यावेळी ती हसली.

तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या पोटातून काय काय निघालं. आईची हरवलेली पळी, एक चप्पल, कुणाच्या तरी पतंगाच्या कामट्या, आणि काट्यांनी साळिंदर झालेला एक रबरी चेंडू. धाकट्या भावाचा. तो चेंडू आत गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि दोन दिवस जेवला नव्हता. तिला राहवलं नाही, तिने तिथूनच त्याला फोन लावला.

"काय सांगतेस! चेंडू?" भाऊ खूश झाला. मग म्हणाला, "म्हणजे सगळं कुंपण काढलंत? अरेरे. बरं झालं, मी गेल्या खेपेला दोन फडे आणले होते."

तिने हातातला चेंडू खाली ठेवला. "कुठे आणले होतेस?"

"इकडे. आठवण म्हणून. ताई, काय फोफावलाय! फाटकाशी लावलाय. लोक थांबून बघतात. गल्लीतल्या पाच जणांना मी फडे दिलेत."

ती जिथे होती तिथेच, उलट्या क्रेटवर बसली. भाऊ बोलतच होता. ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडायला लागणारं काहीच तिच्यात शिल्लक नव्हतं. अकरा वर्षं या माळावर ती एकेक तुकडा वेचत होती, आणि तिचा भाऊ तो बॅगेत घालून सातशे मैल घेऊन गेला होता. बाबांची हौस त्याच्यात आली होती.

"नंतर करते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

बाबा खुर्चीतून बघत होते. "काय म्हणतो?"

न सांगायचा विचार तिच्या मनात आला. म्हाताऱ्याने तीन दिवसांत पुरेसं सोसलं होतं. पण दोन ओळी लिहून गप्प बसायचा तिला आता कंटाळा आला होता. तिने सांगितलं.

बाबांनी चिमटा बादलीत उभा केला. "परत लाव त्याला. मला दे."

बाबा फोनवर नेहमी दोन वाक्यं बोलत: बरा आहेस ना, आणि ठेवतो. त्या दिवशी ते पाऊण तास बोलले. उभ्याने सुरुवात केली आणि मग पायरीवर बसून. आधी जाड कागद पसर, फडा कागदावर पडला पाहिजे. वरून खाली उतरत ये. मूळ वीतभरच खाली असतं, पण बाजूला चार हात जातं, ते शोधत जा. मातीत फेकू नकोस, कचऱ्यात फेकू नकोस, खड्डा कर आणि खोल पूर. सांडलेलं वेच. पंधरा दिवसांनी परत बघ. महिन्याने परत बघ.

पलीकडून भाऊ काहीतरी म्हणाला असावा, कारण बाबांचा आवाज खाली आला.

"नाही, मी रागावलो नाही. मी तुला काय सांगणार? मी स्वतः दारात उभा राहून वाटलाय. बेचाळीस घरं मला आठवतात, आणि न आठवणारी किती असतील. परवापर्यंत मी कोणाच्याच दारात परत गेलो नव्हतो. तुझी पाचच आहेत. तू जा. माणूस पाठवू नकोस, स्वतः जा, आणि सांग की माझं चुकलं."

फोन परत देताना त्यांचा हात कापत होता. तिने तो तसा कधी बघितला नव्हता. तिने त्यांना धरून आत नेलं, निजवलं, पायांवर चादर टाकली.

"शेळ्यांवालीची शेळी खाते का आता?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"खाते. कालपासून."

पुढे गोष्टी झाल्या त्या अशा. पहिल्या पावसानंतर आवारात कुंपणाच्या जागी इतकी रोपं उगवली की मातीवर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसे. पंचेचाळीस वर्षांचं बी होतं ते. बापलेकीने ती खुरप्याने काढली. दुसऱ्या पावसाला निम्मी आली, तीही काढली. त्या वर्षी ओढ्यातून शेळ्यांवालीच्या काठाला सातच फडे लागले. तिने ते स्वतः काढले आणि निरोप पाठवला, सातच म्हणून. किडेवालीचे किडे टेकडीपलीकडच्या उतारावर पसरले. तिथला निवडुंग पिवळा पडायला लागला होता, पण ती म्हणे, अख्ख्या माळाला अजून पंधरा वर्षं धरा. भावाने स्वतःचा काढला. पाचांतल्या चौघांनी त्याला काढू दिला. पाचवी म्हातारी ऐकेना. "किती गोड फुलं येतात," ती म्हणे. भाऊ दर रविवारी तिच्याकडे जाऊन फडे एकेक करून मोजून, बोंडं धरण्याआधी फुलं खुडून येई, आणि तिच्याकडचा चहा पिऊन मग इकडे फोन करी. सल्ले द्यायला त्याला आता वेळ नसे.

कुंपण गेल्याच्या आठवड्यात मुकादमबाईने साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवला. एका दिवसाची. साहेबांना आधी वाटलं काहीतरी अघटित घडलंय. "काय कारण लिहू?" त्यांनी विचारलं. तिला कारण सुचेना. शेवटी त्यांनीच काहीतरी लिहिलं.

त्या दिवशी ती उठलीच नाही. सकाळ झाली, ऊन खिडकीतून थेट अंथरुणावर आलं. मधे अडवायला आता काही नव्हतं. ती कूस बदलून झोपली. एकदा तिला जाग आली तेव्हा बाबा पडदा म्हणून आपलं जुनं धोतर खिडकीला बांधत होते.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"दुपार आहे," बाबा म्हणाले. "झोप अजून."